लाकूड खुलेपर्यंत

एप्रिलमधल्या एका दुपारी माझा नवरा पाळी संपवून क्वार्टरवर आला. त्याने बूट काढले, खुर्चीत बसला आणि पाणी मागितलं. मी पाणी घेऊन आले तेव्हा तो गेला होता.

त्यानंतरच्या दिवसांत भेटायला आलेल्यांनी मला पुष्कळ प्रश्न विचारले. क्वार्टर कधी सोडावं लागेल, त्याच्या जागी मला घेतील का, सासरचे कसे आहेत. मूल नाही हे बरं की वाईट, हा प्रश्न कुणी तोंडाने विचारला नाही, पण चहाच्या कपांबरोबर तोही खोलीत फिरत होता. गिटारीविषयी कुणी विचारलं नाही. विचारण्यासारखं काही आहे हेच कुणाला ठाऊक नव्हतं. म्हणून ते मी लिहून ठेवते आहे.

आम्ही ऊर्जानगरला राहत होतो. तो वीज केंद्रात टर्बाइनच्या विभागात होता आणि मी चंद्रपुरातल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात. त्याचं गाव नागभीडजवळ, घर तळ्यावरच्या ढिवरांचं. आजा, बाप, थोरला भाऊ, सगळे जाळ्यावरचे. शिकून नोकरीला लागलेला हा एकटाच. मी मास्तरांची मुलगी, पुस्तकात डोकं घालून बसणारी. तो मला ‘मॅडम’ म्हणायचा, आधी थट्टेने आणि नंतर सवयीने.

ब्लूज आमच्या घरात आलं ते त्याच्या पाळीतल्या एका पोरामुळे. त्या पोराची बदली झाली. जाताना त्याने आपल्या मोबाईलमधली गाणी याच्या मोबाईलमध्ये टाकून दिली. एक माणूस, एक गिटार, आणि मागे कढईत काहीतरी तळत असल्यासारखी खरखर, इतकी ती जुनी. नवऱ्याकडे तेव्हा प्लायवूडची एक स्वस्त गिटार होती, गणपतीच्या ऑर्केस्ट्रात वाजवून खिळखिळी झालेली. तो ती गाणी ऐकत राहिला आणि त्याने ऑर्केस्ट्रा सोडला.

मी माझ्या सवयीप्रमाणे ग्रंथालयातून वाचून आले. अमेरिकेतली कापसाची शेतं, काळे मजूर, तुरुंग, नदीच्या बांधावरची कामं, सोडून गेलेली माणसं, हे सगळं मी त्याला जेवताना सांगितलं. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग हात धुतले आणि म्हणाला, “मॅडम, ते सगळं बराबर. पण हे पाहा. माणूस एक ओळ म्हणते. मंग तेच ओळ पुन्हा म्हणते. मंग तिसऱ्यांदा जवाब देते. माही माय अशीच भांडते का नाई?”

मी आठवून पाहिलं. मागच्याच खेपेला सासूबाई चुलीपुढे बसून म्हणाल्या होत्या, “मीठ कोणं टाकलं? म्हन्तो मी, मीठ कोणं टाकलं? भाजी नोहे हे, खारवलेली मासोळी होय.” मीठ मी टाकलं होतं. मी इतकी हसले की मला ठसका लागला. पुस्तकांत मला जे सापडलं नव्हतं ते त्याने हात पुसता पुसता सांगून टाकलं होतं. त्या दिवसापासून मलाही ती गाणी कळू लागली, निदान मला तसं वाटू लागलं.

मग त्याला चांगली गिटार हवी झाली.

चांगली म्हणजे काय, हे त्याला नेमकं ठाऊक होतं आणि ते मला समजायला बराच वेळ लागला. आपल्याकडे चांगलं वाद्य म्हणजे गोड आणि लांब घुमणारं. त्याला गोड नको होती. तार छेडली की आवाज यावा, आपलं सांगावं आणि विझावा. “बोलून झाल्यावर उभं राहून पाहत बसणारा आवाज नको,” असं तो म्हणायचा. मोठ्या पोटाची नको, कारण तिच्यात अंगठ्याचा ठोका आणि बोटांचं बोलणं एकमेकांत मिसळतं. लहान पोट हवं, मान रुंद हवी, तारा मानेवरच्या पडद्यांपासून जरा उंच हव्यात. करंगळीत घालायला त्याने काचेच्या बाटलीचा गळा कापून, घासून तयार ठेवला होता. तो तारेवरून सरकवला की सूर चालत न जाता घसरत जायचा. तारा खाली असल्या तर ती काच पडद्यांवर आपटते. आणि सगळ्यात मोठी अट म्हणजे पोटाचं लाकूड अखंड हवं. प्लाय नको. प्लाय जशी असते तशीच राहते. अखंड लाकूड वाजवता वाजवता वर्षानुवर्षं खुलत जातं.

आधी आम्ही चंद्रपुरात पाहिलं. दुकानात ढोलक, हार्मोनियमच्या पेट्या, शाळेच्या बँडचे ताशे, आणि छताला टांगलेल्या चकचकीत गिटारी.

“सर, मुलासाठी पाहिजे का?” दुकानदार म्हणाला. “लाल घ्या. लाल लई चालून राह्यली.”

नवऱ्याने एक उतरवून तिच्या पोटावर बोटाने ठोकलं. “प्लाय आहे हे.”

“प्लायच मजबूत सर! लाकडाचे नखरे कोण करत बसते? हे पाण्यात टाका, काई होत नाई.”

“पाण्यात कायले टाकू मी?”

“सांगून राह्यलो ना. गॅरंटी म्हणून.”

बाहेर येऊन आम्ही दोघं हसलो. रस्ताभर तो मला विचारत होता, “मॅडम, टाकायची का पाण्यात?” त्या दुकानदाराची मला आता वारंवार आठवण येते. त्याचं म्हणणं खरं होतं.

नंतर नागपूर. काचेचं दार, आत गारवा, आणि भिंतीवर ओळीने लावलेल्या गिटारी. विकणारा मुलगा हुशार होता. तो प्रत्येक गिटार उचलून भराभर काहीतरी वाजवून दाखवायचा आणि त्याच्या बोटांपुढे सगळ्या सारख्याच चांगल्या वाटायच्या. नवऱ्याने एक गिटार त्याच्या हातातून घेतली, माझ्याकडे पाठ केली आणि म्हणाला, “डोळे मिटा. सांगा.” मग त्याने एकेक घेऊन तोच एक तुकडा वाजवला, अंगठा सावकाश आणि वर दोन बोटं. मला संगीत कळत नव्हतं. पण माणसं कशी बोलतात ते कळत होतं.

“ही फार शहाणी आहे,” मी म्हणाले. “ही कार्यक्रमाचं निवेदन करते आहे. ही रडते, पण खोटं रडते.”

तो मुलगा माझ्याकडे बघतच राहिला. नवरा म्हणाला, “लायब्ररीत असतात त्या. ऐकून घ्या.”

तिथे काही मिळालं नाही. एक जवळ आली होती, पण तीही निवेदन करणाऱ्यांपैकीच निघाली. सिंदेवाहीच्या एका सहकाऱ्याने सुचवलं, गोंदियाच्या दुसऱ्याने सुचवलं, आणि सुट्टीच्या दिवसांत आम्ही जात राहिलो. माझ्या आईने एकदा विचारलं, “मूल दत्तक घ्यायला फिरता की काय?” तिने ते थट्टेत म्हटलं. थट्टेत माणसं बरंच काही म्हणून घेतात.

गिटार शेवटी बल्लारशाला मिळाली, घरापासून तासाभराच्या आत. रेल्वेतून निवृत्त झालेले एक गार्ड तिथे राहत होते. मूळचे तेलुगू, चर्चमध्ये वाजवणारे. त्यांच्या बोटांचे सांधे आखडून हात अर्धवट मिटलेले राहिले होते. गिटार लहान पोटाची, सगळीच्या सगळी महोगनीची, कोऱ्या चहाच्या रंगाची. पोटावर जिथे त्यांचा हात टेकत असे तिथली चकाकी गेलेली होती.

त्यांनी ती लगेच हातात दिली नाही. आधी विचारलं, “क्या बजाते हो?”

“ब्लूज.”

“अच्छा. किसने छोड़ दिया?” म्हणत ते माझ्याकडे बघून हसले. “ये तो साथ में बैठी है!” मग गिटार पुढे केली. “पहले अंगूठा सुनाओ। उंगलियाँ तो सबकी चलती हैं।”

नवऱ्याने अंगठा लावला. एकाच जाड तारेवर, एकाच चालीने, काही न बदलता. म्हाताऱ्यांनी मान खाली घातली आणि ते बराच वेळ तशीच ठेवून बसले. मी डोळे मिटले. ही गिटार माझ्याशी बोलत नव्हती, निवेदन करत नव्हती, रडत नव्हती. कुणीतरी दुसऱ्या खोलीत एकटंच काम करत असावं आणि आपल्याला ते भिंतीपलीकडून ऐकू यावं, तसा तो आवाज होता.

“अंगूठा कहाँ सीखा?”

“मशीन के बाजू में काम करता हूँ, दादा.”

“तभी.” ते म्हणाले. “सुनो, लकड़ी अभी आधी खुली है। बीच में मेरे हाथ बंद हो गए। बाकी तुम खोलना।” आणि दारापर्यंत पोचवायला आले तेव्हा मला म्हणाले, “बेटी, लोग बोलेंगे बच्चे के जैसा सम्हालो। झूठ। अचार के जैसा सम्हालो। गीला हाथ नहीं लगना चाहिए।”

आम्ही ती खरोखर लोणच्यासारखी सांभाळली. ऊर्जानगरचा उन्हाळा काय असतो हे तिथे राहिलेल्यांना सांगायला नको. कूलरशिवाय खोलीत बसवत नाही, पण कूलरची ओली हवा लाकडाला लागू नये म्हणून तो वाजवायला बसला की कूलर बंद व्हायचा आणि मी पुस्तकाने वारा घेत बसायची. बाहेरची कोरडी झळही वाईट, लाकूड तडकतं. म्हणून साबणाच्या डबीला भोकं पाडून, तिच्यात जेमतेम ओलसर स्पंज घालून तो ती गिटारीच्या पेटीत एका कोपऱ्यात ठेवायचा. पावसाळ्यात डबी निघायची आणि तांदळाची पुरचुंडी आत जायची. खिडकीवर रोज राख साचायची. खिडकी मी पुसायची, गिटार तो पुसायचा, सुक्या मलमलीने, पाळीवरून आल्यावर हात धुऊन ते पूर्ण वाळल्यावरच.

मी म्हणायची, मोबाईलवर थोडं रेकॉर्ड करून ठेवा.

“अजून नाई, मॅडम. अजून थे बंद बंद बोलते. खुलू द्या लाकूड. मंग तुम्हीच म्हणाल, आता करा.”

आवाज बदलत होता हे खरं आहे. दर उन्हाळ्यानंतर तो जरा मोकळा, जरा कोरडा होत होता. मला ते कळत होतं आणि मी ‘आता करा’ म्हणायची वाट पाहत होते. वाट पाहणं ही आमच्या घरातली सर्वांत चांगली गोष्ट होती.

त्याने मला एकच गोष्ट शिकवली, अंगठा. जाड तारेवर, एका चालीने. “तुम्ही जमीन धरा, मी चालतो,” म्हणायचा. माझा अंगठा चुकला की तो थांबायचा नाही. माझ्या चुकीवरूनच पुढे जायचा.

गावी तो गिटार नेहमी नेत नसे. एका दिवाळीला नेली. अंगणात पेटी उघडली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “ढिवराच्या पोराच्या हाती जाळं नाई, डब्बा आहे! पाहा व माय, डब्बा!”

थोरले दीर पडवीत जाळ्याची तुटलेली घरं विणत बसले होते. त्यांनी मान वर केली. “का रे, मासे धरते का हे?”

“दादा, माहं जाळं आता हेच.”

“मंग टाक. पाहू का येते तं.”

तो तळ्याच्या बांधावर जाऊन बसला आणि वाजवत राहिला. दीर जाळं घेऊन त्याच्या शेजारी जाऊन बसले. मी लांब चिंचेखाली होते. काच तारेवरून घसरली की दिरांचे हात थांबायचे. थोड्या वेळाने त्यांचा आवाज आला, “थे पुन्हा कर. घसरते थे.” त्याने पुन्हा केलं. “अजून एक डाव.” असं ते दिवस मावळेपर्यंत चाललं. परतताना पेटी दिरांनी उचलली, खांद्यावर नाही, दोन्ही हातांवर.

ते माझ्याशी कधी बोलत नसत. आमच्याकडे थोरला दीर भावाच्या बायकोशी समोरासमोर बोलत नाही. तिच्या अंगावर सावलीसुद्धा पडू नये म्हणून वाट सोडून जातो. इतकी वर्षं त्यांनी माझी चौकशी सासूबाईंच्या तोंडून केली. “माय, त्याइले विचार, जेवल्या का,” असं ते मी तिथेच उभी असताना म्हणायचे. मला त्यात अपमान वाटत नसे. ते जपणं होतं.

त्या घरातली आणखी एक चाल मी पाहिली होती. सासरे गेले तेव्हाची. सुतक फिटायच्या दिवशी थोरल्या मुलाने बापाचं जाळं खुंटीवरून काढलं, हळद-कुंकू लावलं आणि तळ्यात नेऊन पूर्ण बुडवलं. मेलेल्या माणसाचा हात त्याच्या कामाच्या वस्तूत अडकून राहतो म्हणतात. ती वस्तू पाण्यात बुडवून काढली की हात सुटतो, माणूस मोकळा होतो आणि वस्तू पुन्हा जित्यांच्या कामाची होते. जाळं वाळलं आणि दुसऱ्या दिवशी त्याच जाळ्याने मासे आले. मला ते फार आवडलं होतं. कॉलेजात मी चार जणांना मोठ्या कौतुकाने सांगितलं. एका प्राध्यापकांनी त्यावर लेख लिहायलाही सुचवलं.

नवरा गेल्यावर त्याला गावी नेलं. पुढचे दिवस मी सासरच्या आतल्या खोलीत होते. क्वार्टरमधले कपडे आणि कागद आणायला दीर एका भाच्याला घेऊन गाडीने ऊर्जानगरला गेले. परत आले तेव्हा मी दाराच्या फटीतून पाहिलं. कपड्यांची गाठोडी मागे टाकलेली होती आणि ते पुढे बसले होते, मांडीवर काळी पेटी आडवी घेऊन. उतरतानाही ती त्यांनी भाच्याच्या हाती दिली नाही. मला वाटलं, माझ्यासाठी आणली. त्या दिवसांत मला पहिल्यांदा नीट रडू आलं. मनाशी ठरवलं की शहरात परतल्यावर हिला हात लावायचा, अंगठा लावायचा. लाकूड जेवढं खुललं आहे तेवढं तर ऐकू येईल. माझ्याजवळ त्याचा तेवढाच आवाज होता.

सुतक फिटायच्या दिवशी पुरुष तळ्यावर गेले. घर सारवणं चाललं होतं. मी आतच होते. मला कुणी काही विचारलं नाही. विचारायचं असतं तर ते दिरांनी विचारायचं, आणि दीर माझ्याशी बोलत नाहीत. सासूबाईंमार्फत विचारता आलं असतं, पण सासूबाईंना त्यात विचारण्यासारखं काही वाटलं नसणार. जाळं बुडवायला कुणी परवानगी घेतं का?

पाण्याचा आवाज ऐकू आला म्हणून मी परसदारी आले. परसात जाळी वाळत घालायची बांबूची आडवी काठी आहे. तिच्यावर गिटार उलटी टांगलेली होती. बुडाला सुतळी, पोटावर हळद-कुंकवाची बोटं, आणि पोटाच्या भोकातून पाण्याची धार खाली पडत होती. पाण्याबरोबर थोडा चिखल आणि शेवाळाचा एक धागा आला. ऊन कडक होतं. दीर तिच्यासमोर ओल्या धोतराने उभे होते. त्यांचे डोळे लाल होते. मला पाहताच त्यांनी तोंड फिरवलं आणि वाट सोडून बाजूला झाले.

मी तिथेच खाली बसले. सासूबाई मागून आल्या. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला.

“सुटला व माय त्याचा हात,” त्या म्हणाल्या. “थोरल्यानं तीनदा बुडवलं. माया होती ना त्याची. सुटला.”

खरंच सुटला.

मी ओरडले नाही. कुणावर ओरडायचं? त्यांनी हेळसांड केली असती, फेकून दिली असती, विकली असती, तर मला एक शत्रू मिळाला असता आणि दुःखाला धरायला काठी मिळाली असती. त्यांनी तिला बापाच्या जाळ्याच्या बरोबरीने बसवलं. ज्या घराने तिला डब्बा म्हटलं होतं, त्या घराने तिला दिलेला हा सर्वांत मोठा मान होता. आणि ज्या लाकडाला ओला हात लागू नये म्हणून आम्ही उन्हाळे कूलरशिवाय काढले, ते त्या मानाने तळ्याच्या तळाला जाऊन आलं. उरलेलं काम नागभीडच्या एप्रिलच्या उन्हाने केलं. संध्याकाळी काठीवरून ती उतरवली तेव्हा पोट फुगून वर आलं होतं, तारांखालच्या घोडीपासून खालपर्यंत भेग गेली होती आणि पाठ एका बाजूने सुटली होती. भाच्याने तारांवरून बोट फिरवलं. “मामी, वाजते अजून,” तो म्हणाला. त्याचाही हेतू वाईट नव्हता. त्या घरात कुणाचाच हेतू वाईट नव्हता, आणि ही गोष्ट मी अजून माफ करू शकलेले नाही.

क्वार्टर सोडण्यापूर्वी मी पेटी घेऊन बल्लारशाला गेले. गार्डकाका आणखी वाकले होते. पेटी उघडताच तळ्याचा वास आला. त्यांनी आखडलेल्या बोटांच्या पेरांनी पोटावर ठोकलं, कान लावला, पुन्हा ठोकलं.

“इसको नहलाया किसने?”

मी सगळं सांगितलं. जाळं, हात, सुतक, तळं. ऐकता ऐकता त्यांचे खांदे हलू लागले. “अचार को गंगा नहला दिया!” म्हणत ते इतके हसले की त्यांना खोकला आला. मग मनगटाने डोळे पुसले. “बुरा मत मानना, बेटी.”

मला वाईट वाटलं नाही. सगळे माझ्यापुढे आवाज खाली आणून बोलत होते. हसावं असं त्यात आहे, हे कळणारा हा एकच माणूस होता. दुसरा असता तर तो माझा नवरा.

“सुकल्यावर पहिल्यासारखी होईल का?” मी विचारलं.

“सूख गई। जो होना था, हो गई।” ते म्हणाले. “नागपुर में एक आदमी पेट नया डाल देगा। बजेगी, अच्छी बजेगी। मगर फिर शुरू से।”

“म्हणजे ही नाही.”

“ये नहीं। और खोलेगा कौन?”

मी पेटी बंद केली. नवं पोट बसवून घेतलं नाही. घेतलं असतं तर घरात नागपूरच्या दुकानातली, निवेदन करणारी एक गिटार आली असती. तिला मी नवऱ्याची म्हणून दाखवत बसले असते आणि लोकांनी मान डोलावली असती.

दिरांना मी हे सांगितलेलं नाही. सांगायचं तर सासूबाईंमार्फत सांगावं लागेल, आणि त्या ते कसं सांगतील याचा मला अंदाज आहे. तेच दोनदा म्हणतील आणि तिसऱ्यांदा जवाब देतील. दीर अजूनही नागभीडहून येणाऱ्या कुणाच्या तरी हाती सुकवलेले झिंगे पाठवतात. निरोप असतो, “त्याइले विचारजा, कशा आहेत.” मागच्या खेपेला निरोपात आणखी एक वाक्य होतं. “विचारजा, थे जाळं कामात येऊन राह्यलं का.”

मी हो म्हणून कळवलं.

आता मी चंद्रपुरात दोन खोल्यांत राहते. ग्रंथालयात जाते. मोबाईलमध्ये ती जुनी खरखरणारी गाणी आहेत. त्याचं वाजवणं त्यात नाही. बाटलीचा कापलेला गळा टेबलावर आहे. गिटारीच्या पाच तारा मी काढल्या, कारण पोट त्यांचा ताण सोसत नव्हतं. जाड तार तेवढी ठेवली. कॉलेजातून आल्यावर मी हात धुते, वाळू देते, आणि त्या तारेवर अंगठा मारते. डब असा आवाज येतो.